रेकॉर्डवर ढोल वाजवायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: आमचं पुण्यातलं १२० वादकांचं ढोल-ताशा पथक आहे. एका आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनात सहा मिनिटं वाजवायचं बोलावणं आलंय. संगीत सांभाळणारी मंडळी म्हणतात, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असेल, तुम्ही मैदानावर फक्त वाजवल्यासारखं करा. यावरून पथकात दोन तट पडलेत. काहींना ही सरळ फसवणूक वाटते, काहींना आयुष्यात एकदा मिळणारी संधी. काय करावं?

नाही म्हणू नका. पण ‘वाजवल्यासारखं करा’ ही अटही मान्य करू नका. मी शाळेत असताना पहिल्यांदा ढोल कमरेला बांधला, कॉलेजात ताशा घेतला आणि गेली पंचवीस वर्षं स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमांचं ध्वनिनियोजन करते, हेडसेटवर क्यू देते, म्हणजे कुणी कधी सुरू करायचं याचा इशारा. तुमच्याकडे आज जो वाद चाललाय, त्यात मी दोन्ही बाजूंनी भांडलेली आहे.

आधी संगीतवाल्यांची अडचण समजून घ्या, कारण ती खरी आहे. लक्ष्मी रोडवर पथक चालतं तेव्हा पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत अंतर असतं फार तर तीस-चाळीस मीटर. दोन्ही बाजूंना इमारती, त्यामुळे आवाज कोंडून अंगावर येतो. ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढा फरक हाताला सवयीचा झालेला असतो. स्टेडियममध्ये हे गणित बदलतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या या टोकाला साठ आणि त्या टोकाला साठ ढोल उभे केले आणि मध्ये शंभर मीटर असले, तर इकडचा ठोका तिकडे पोहोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या ठेक्यात दोन ठोक्यांमधला वेळच असतो ०.५ सेकंद. म्हणजे तिकडचा वादक कानाने ऐकून वाजवायला गेला, की अर्ध्याहून जास्त ठोका मागे. त्याचा आवाज परत इकडे येईपर्यंत एक अख्खा ठोका उलटून गेलेला असतो. मग इकडचे त्याच्यासाठी थांबतात, ते यांच्यासाठी थांबतात, आणि दोन मिनिटांत ठेका पार ढासळतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत सगळं थेटच वाजलं पाहिजे असा माझा हट्ट होता. एका तालमीला चार कोपऱ्यांत चार तुकड्या उभ्या केल्या, मैदानाच्या मधोमध एका मुलाला लाल झेंडा देऊन ठोक्याठोक्याला तो खाली आणायला सांगितलं. सगळ्यांची नजर झेंड्यावर. मी त्या मुलाच्या शेजारी उभी होते आणि माझ्या कानाला चारही तुकड्या एकजीव वाजत होत्या. अंगावर काटा आला. आनंदाने धावत गॅलरीत गेले, बाविसाव्या रांगेत जाऊन बसले, तर तिथे खडी ओतल्यासारखा खडखडाट. जवळची तुकडी आधी, लांबची नंतर, आणि समोरच्या छपरावर आपटून आलेला आवाज त्याच्याही नंतर. चारही आवाज एकाच वेळी पोहोचतील अशी जागा त्या मैदानात एकच होती, जिथे मी उभी होते. तिकीट काढून आलेला माणूस तिथे कधीच बसणार नव्हता.

त्यावर उपाय म्हणून कानात इयरफोन आले. रेडिओलहरींना अंतराचा अडथळा नाही, त्यामुळे सगळ्यांच्या कानात टिकटिक एकाच क्षणी पडते. तिला आम्ही क्लिक म्हणतो. क्लिकवर वाजवलं की हात एकत्र पडतात. तरी लोकांच्या कानाचा प्रश्न उरतोच. १२० ढोलांसमोर मोकळे माइक लावले तर त्यात ढोल येतात, वारा येतो, लाऊडस्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा येतो, आणि शिट्टी बसते ती वेगळीच. शिवाय आतषबाजी आणि दिवे हल्ली टाइमकोडवर, म्हणजे सेकंदासेकंदाला आधीच बांधलेल्या घड्याळावर, चालतात. सहा मिनिटांच्या वादनात तुम्ही जोशात येऊन चार सेकंद पुढे गेलात, आणि पथकं जोशात येतातच, तर शेवटचा ठोका पडून शांतता होईल आणि मग आकाशात फटाका फुटेल. जगभर मोठ्या सोहळ्यांत आवाज मुद्रित करून ठेवतात त्यामागे ही कारणं आहेत. त्यात आळसही असतो, पैसे वाचवणंही असतं, पण नुसतं तेवढंच नसतं.

म्हणून मुद्रित आवाज म्हणजे फसवणूक, हे मला मान्य नाही. माझी कसोटी वेगळी आहे. लोकांना जे काम दिसतंय आणि ऐकू येतंय, ते ज्याचं आहे त्याच्याच नावावर जातंय का? तीन सोहळे शेजारी ठेवून बघा.

तुरिन, २००६, हिवाळी ऑलिंपिक. लुचानो पावारोट्टी उद्घाटनात गायले, आणि ते गाणं काही दिवस आधी मुद्रित केलेलं होतं, हे त्यांच्या निधनानंतर वाद्यवृंदाच्या संचालकांनी सांगितलं. कडाक्याची थंडी होती आणि गायकाची तब्येत खालावलेली होती. पण आवाज त्यांचा, श्वास त्यांचा, आणि त्या थंडीत उभं राहणारं शरीरही त्यांचंच. मला यात काही खोटं दिसत नाही.

सिडनी, २०००. तिथल्या उद्घाटनात सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा मुद्रित संगीतावर हात चालवत होता, हे आठ वर्षांनी बाहेर आलं. स्वतःच्याच मुद्रणावर चालवले असते तर मी त्यांची बाजू घेऊन भांडले असते. पण त्यातलं काही वादन मेलबर्नच्या वाद्यवृंदाचं निघालं. वाजवलं एका शहराने, टाळ्या घेतल्या दुसऱ्या शहराने. इथे मला टोचतं.

आणि बीजिंग, ८ ऑगस्ट २००८. लाल फ्रॉकमधली नऊ वर्षांची मुलगी देशगीत गाताना जगाने पाहिली. आवाज मात्र सात वर्षांच्या दुसऱ्याच मुलीचा होता. ती मैदानावर नव्हती, कारण ती कॅमेऱ्यात हवी तशी दिसत नव्हती. पुढे सोहळ्याच्या संगीतदिग्दर्शकांनीच हे रेडिओवर सांगितलं. मला अजून त्याचा राग येतो. दोन्ही लहान मुली, दोघींचाही काही दोष नाही, आणि एकीला कळलं की आपला आवाज चालतो पण चेहरा चालत नाही. रेकॉर्डिंग तुरिनलाही होतं आणि इथेही. इथे एका मुलीचं काम काढून दुसरीच्या तोंडी घातलं गेलं, हा फरक आहे.

याच बीजिंगच्या सोहळ्यातली दुसरी गोष्ट सांगितली नाही तर माझ्याकडून अन्याय होईल, कारण माझ्या पाहण्यातला सगळ्यात प्रामाणिक क्षणही त्याच रात्रीचा आहे. छापखान्याच्या खिळ्यांची एक रचना होती. ८९७ मोठे चौकोनी ठोकळे वर-खाली होत होते, त्यांच्यातून लाटा उठत होत्या, अक्षरं उमटत होती. इतकं नेमकं, की बघणाऱ्याला वाटावं खाली यंत्रं आहेत. मी टीव्हीसमोर बसून त्याची मोटर, तिचा आवाज, देखभाल असला हिशोब करत होते. आणि शेवटी ठोकळ्यांची झाकणं उघडली आणि प्रत्येकातून एक माणूस डोकं वर काढून हसत हात हलवायला लागला. एकही यंत्र नव्हतं. दिग्दर्शक झांग यिमोऊ यांना ही माणसं झाकून ठेवणं सहज शक्य होतं, आणि यंत्राचं कौतुक फुकट पदरात पडलं असतं. त्यांनी माणसं दाखवली. भव्यता आणि खरेपणा यांचं वैर असतं असं जे म्हणतात त्यांना मी हे ठोकळे दाखवते. त्या क्षणी भव्यता कणभरही कमी झाली नाही, उलट ८९७ माणसांनी श्वास रोखून हे केलंय हे कळल्यावर ती दुप्पट झाली.

त्याच रात्री शहरावरून स्टेडियमकडे चालत येणारी आतषबाजीची २९ पावलंही होती. ती खरोखर उडाली, पण घरी टीव्हीवर त्यातली बहुतेक दिसली ती आधी संगणकावर बनवून ठेवलेली. अंधारात आणि धुरकट हवेत हेलिकॉप्टरमधून ती टिपणं धोक्याचं होतं म्हणून. रस्त्यावरच्या माणसाने खरं पाहिलं आणि घरच्याने चित्र. यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. धोका टाळला हे बरोबर. पण बातमीसारख्या थेट प्रक्षेपणात चित्र मिसळताना पडद्याच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायला काय हरकत होती?

आमच्या क्षेत्रातल्या पुणेकरांना हे सगळं जास्त जवळचं वाटतं याचं एक कारण आहे. बीजिंगनंतर दोनच महिन्यांनी, १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या आठवड्यात, राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा आपल्या बालेवाडीत झाल्या. तेव्हा ज्याला भेटावं तो बीजिंगच्या उद्घाटनात एकत्र वाजवणाऱ्या त्या २००८ वादकांबद्दल बोलायचा, आपल्याकडे असं कधी होणार म्हणायचा. मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं, की २००८ वादक एकसारखा हात उचलतात ही एक ताकद आहे, आणि आपल्या पथकात प्रत्येकाचा हात थोडा वेगळा पडूनही ठेका एक राहतो ही दुसरी. पहिलीची नक्कल करायला गेलो तर आपण दुसऱ्या नंबरचे बीजिंग होऊ. आता २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. त्याआधी आणि त्यासाठी पुण्यातल्या किती पथकांना, किती नृत्यशाळांना फोन येतील याचा विचार करा. तुमच्यापुढचा प्रश्न त्या सगळ्यांपुढे येणार आहे.

२०१२चं लंडन ऑलिंपिक मी माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त वेळा दाखवते. डॅनी बॉइल यांच्या त्या उद्घाटनात हजारो स्वयंसेवक होते. औद्योगिक क्रांतीच्या प्रसंगात जवळजवळ हजार वादक उलट्या बादल्या आणि कचऱ्याचे डबे वाजवत होते. यातले बहुतेक आयुष्यात कधी ड्रम न वाजवलेले लोक. कानात इयरफोन होते, मुद्रित संगीतही होतं, पण हात खरे पडत होते आणि चेहऱ्यावर घाम खरा होता. दवाखान्याच्या प्रसंगात नाचणाऱ्यांत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या खऱ्या परिचारिका आणि कर्मचारी होते. ज्योत स्टेडियममध्ये आली तेव्हा दोन्ही बाजूंना मानवंदनेला उभे होते ते ज्यांनी ते स्टेडियम बांधलं ते ५०० कामगार, डोक्यावर हेल्मेट घालून. कुठल्याही नटाला ते उभं राहणं जमलं नसतं. तांब्याच्या २०४ पाकळ्यांची ज्योत एकत्र आली, आणि स्पर्धा संपल्यावर सहभागी देशांकडे आपापली पाकळी गेली. इतकी भव्य गोष्ट आणि शेवटी सामानाच्या पेटीत मावली.

तुमच्यातले जे ‘परंपरा मोडते’ म्हणतात त्यांना एक सांगायचंय, रागावू नका. ऑलिंपियाहून मशाल धावत आणण्याची प्रथा लोकांना प्राचीन ग्रीसची वाटते. ती सुरू झाली १९३६च्या बर्लिनला. आणि आपल्या पथकाचा आजचा गणवेश, ध्वज, रांगा, मुला-मुलींनी मिळून वाजवणं, यातलं बरंचसं गेल्या काही दशकांत पुण्यातल्या शाळांच्या आणि तरुणांच्या पथकांनीच घडवलंय. म्हणून ते खोटं ठरत नाही. दोन महिने नदीपात्रात सराव करून, तळहाताला फोड आणून तुम्ही ते आपलं केलंय. खरेपणा वयावर ठरत नाही, तो असा हातातून येतो.

याच्या उलट गोष्ट मी सोहळ्यांत नेहमी बघते. ‘महाराष्ट्राची संस्कृती, चार मिनिटं’ असा कागद हातात पडतो. चाळीस सेकंद लावणी, चाळीस सेकंद कोळी नृत्य, मग दिंडी, मग ढोल, शेवटी भगवे झेंडे. नाचणारी तीच पन्नास मुलं पडद्यामागे धावत कपडे बदलतात. बीजिंगमध्ये ५६ वांशिक गटांच्या पोशाखात आलेली मुलं बरीचशी एकाच बहुसंख्य समाजाची होती यावर जगभर टीका झाली. आपण हेच दर वर्षी करतो आणि कुणाला काही वाटत नाही.

एका कार्यक्रमात मी हट्टाने खऱ्या वारकऱ्यांची दिंडी बोलावली होती. पुण्याजवळच्या गावातले पंचवीस जण आले, टाळ, पखवाज, आणि पुढे गळ्यात वीणा घेतलेले साठीतले एक काका. तालमीत आमच्या नृत्यदिग्दर्शकांना वाटलं, काकांनी वीणा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून गिरकी घ्यावी, वरच्या कॅमेऱ्याला सुंदर दिसेल. काका शांतपणे म्हणाले, “माउली, वीणा नाचवायची नसते. तिच्या मागनं आपण नाचायचं.” मग दुसरा पेच. वाट बघण्याचे दोन तास होते आणि काका वीणा खाली ठेवायला तयार नव्हते. खुर्ची दिली, बसले नाहीत. संयोजकांतल्या एकाने मला बाजूला घेऊन सुचवलं, फायबरची वीणा करून घेऊ, कुठल्याही मुलाच्या गळ्यात घालू, लांबून कोणाला कळतंय? मी काकांनाच विचारलं, तुमच्याकडे सप्ताहात रात्रभर वीणा उभी असते तेव्हा काय करता? ते म्हणाले, पहारा बदलतो. झालं. पंचवीसमधल्या चौघांनी अर्ध्या अर्ध्या तासाने वीणा एकमेकांच्या गळ्यात दिली, देताना एकमेकांच्या पायाला हात लावला, आणि प्रवेशाच्या वेळी ती परत काकांकडे आली. आम्ही रचना बदलली. पावली खेळणारी तरुण मुलं मैदानभर, आणि वीणा मधल्या वाटेने तिच्या चालीने सरळ. कार्यक्रमाच्या चित्रफितीत मला सगळ्यात आवडतो तो भाग मात्र त्यात नाहीच. बोगद्यातल्या अंधारात एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणारी वीणा कॅमेऱ्याने टिपली नाही. पुढच्या वेळी तेच मैदानावर आणायचं, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्याच्यावर राग धरून चालत नाही. मैदानात तीस-चाळीस हजार लोक असतील तर पडद्यासमोर कोट्यवधी असतात, आणि दोघांना वेगळं दिसतं. १९९२ला बार्सिलोनात धनुर्धर आंतोनियो रेबोयो यांनी पेटता बाण सोडला आणि ज्योत पेटली. बाण कुंडात पडला नाही, तो वरून पलीकडे गेला, आणि तसाच जाईल असं ठरवलं होतं. कुंडातला वायू आपल्या वेळेवर पेटला. टीव्हीवाल्यांच्या कोनातून दोन्ही एकच वाटलं. ही फसवणूक का? मला नाही वाटत. गर्दीवरून, आगीचा बाण, एकाच प्रयत्नात, हजारो डोळ्यांसमोर त्यांनी खरोखर सोडला. पोलिओ झालेला तो खेळाडू त्यासाठी कितीतरी रात्री सराव करत होता. कौशल्य त्यांचं होतं आणि नावही त्यांचंच झालं.

२०१०ला दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या उद्घाटनात मैदानावर हेलियमचा प्रचंड फुगा तरंगत होता. त्या रात्रीबद्दल मी लोकांना विचारते तेव्हा बऱ्याच जणांना आठवतो तो सात वर्षांचा तबला वाजवणारा मुलगा. मी फुग्याच्या विरोधात नाही. एवढ्या मोठ्या मैदानात लहान मुलाची बोटं दिसायला काहीतरी मोठं लागतंच.

आणि कधीकधी दिग्दर्शकच नसतो. १९५२ला हेलसिंकीहून खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या त्यांना घ्यायला आल्या होत्या. क्यू कुणी दिला नव्हता. मला माझ्या कामाची सगळ्यात मोठी भीती हीच वाटते, की लोकांना असं काही आपणहून करायची जागा आम्ही मिनिटामिनिटाच्या आखणीत ठेवतच नाही.

खरेपणाची आणखी एक बाजू आहे, ती बैठकीत कुणी काढत नाही. माणसांना वागवतो कसं. काही वर्षांपूर्वी एका तालमीला शाळेतली मुलं सकाळी सातपासून उन्हात रांगेत उभी होती, प्रमुख पाहुण्यांच्या गाडीच्या सरावासाठी. साडेअकराला दोन मुली भोवळ येऊन पडल्या. पाण्याचे जार होते, पण ते रांगेपासून लांब, आणि रांग मोडायची नाही असा हुकूम. मी हेडसेटवर होते आणि मी तालीम थांबवली नाही, आणखी पाच मिनिटं चालू दिली, कारण क्यूची साखळी तुटली असती. ती पाच मिनिटं मला अजून छळतात. त्यानंतर मी कुठलंही काम घेताना करारात लिहून घेते: दर चाळीस मिनिटांनी सावली आणि पाणी, आणि तालीम थांबवण्याचा अधिकार मला. सोहळ्यात मुलं हसताना दाखवायची असतील तर तालमीतही ती हसू शकली पाहिजेत.

आता संगीतवाल्यांबरोबर तुमची जी बैठक होईल तिच्याकडे येते. संगीतवाल्यांना सांगा, मुद्रण चालेल, पण आमच्याच वादनाचं. बाहेरच्या चार स्टुडिओ वादकांनी वाजवून ते तीस वेळा एकावर एक चढवून ‘१२० ढोल’ करतात, तसं नको. पथकातले निदान तीस ढोल, दहा ताशे मोठ्या सभागृहात किंवा मोकळ्या मैदानावर, पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत मुद्रित करायला लावा. स्टुडिओच्या बंद खोलीत ढोल गुदमरतो. मुद्रणाच्या दिवशी ढोल नेहमीइतकेच ताणा. ध्वनिमुद्रक सैल करायला सांगतील, कारण टिपरू (वाजवायची काठी) पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, पडताना जो कडक आवाज निघतो त्याने त्यांचे काटे लाल होतात. त्यांना माइक लांब न्यायला सांगा.

मैदानावर ढोल खरेच वाजवणार हे लेखी घ्या. पान काढून ठेवा किंवा आत फोम भरा म्हणतील, ते मान्य करू नका. कानातल्या क्लिकवर तुम्ही जोर लावून वाजवलंत की जवळच्या गॅलऱ्यांना तुमचा खरा आवाज थेट पोहोचतो, लांबच्यांना स्पीकरमधून तुमचाच मुद्रित आवाज, आणि दोन्ही जुळतात. हे मी अनेकदा करून बघितलंय, होतं. त्यासाठी तुम्ही चाळीस मीटरच्या आत राहिलात तर फार बरं, म्हणजे चार कोपऱ्यांत विखुरण्याऐवजी एका बाजूला घट्ट उभे राहा. वरच्या कॅमेऱ्याला नक्षी कमी दिसेल, पण जवळ आलेला कॅमेरा पानाचा थरथराट पकडेल.

सहा मिनिटांतला निदान एक मिनिट पूर्ण थेट मागा. मुद्रण बंद, क्लिक बंद, फक्त ताशा आणि त्याच्यावर उठणारा ढोल. आतषबाजीवाले कुरकुरतील. त्यांना सांगा, या मिनिटात टाइमकोड थांबवा आणि शेवटच्या ठोक्यावर माणसाने बटण दाबून पुढे चालू करा. क्यू देणारा माणूस त्यासाठीच असतो. नावाचंही बघा: सोहळ्याच्या पुस्तिकेत, पडद्यावर आणि निवेदनात पथकाचं नाव यायला हवं. ‘स्थानिक कलाकार’ असं मोघम लिहू देऊ नका. आणि १२० जणांचं पाणी, जेवण, परतीची बस. रात्री साडेबाराला स्टेडियमवरून मुली घरी कशा जाणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा, शेवटच्या दिवशी नाही.

यातलं मुद्रण आणि नाव दोन्ही नाकारलं गेलं, म्हणजे आवाज दुसऱ्याचा आणि तुम्ही नुसते हलणारे हात, असं ठरलं, तर मग नाही म्हणा.

बैठकीला ज्येष्ठ मंडळींसोबत तुमचा मुख्य ताशा वाजवणारा किंवा वाजवणारी असेल त्यांना नक्की न्या. संगीतवाले पहिला प्रश्न विचारतील तो वेगाचा: मिनिटाला किती ठोके? तुम्ही-मी अंदाजे आकडा सांगू आणि मुद्रणाच्या दिवशी तो चुकेल. ताशावाल्याला टेबलावर दोन पेनांनी वाजवून दाखवायला सांगा, आणि त्यांना तिथल्या तिथे फोनवर मोजू द्या.